पटावर पंधरा

"वहिनी, तुमची बारावीची मार्कशीट सापडेल का जी?"

झंझाड सर अंगणात उभे होते. माझ्या मशीनच्या सुईखाली लांजेवारबाईंची मोरपंखी साडी अर्धी पिको होऊन थांबली होती. दारात येऊन माणसं पाणी मागतात, वर्गणी मागतात, मत मागतात. मार्कशीट मागायला आलेला हा पहिलाच माणूस.

"कशाला, सर?"

"तुम्हाला कॉलेजात घ्यायचं आहे."

"कोनाले?" आतून सासूबाईंनी विचारलं.

आडनाव झंझाड, पण आवाज असा की पंखा चालू असला तर समोरच्याला ऐकू यायचा नाही. आमच्या तालुक्याच्या गावात एकच कॉलेज, आणि त्यात सर तत्त्वज्ञान शिकवायचे. त्यांच्या बायकोच्या, कुंदाताईंच्या, साड्या माझ्याकडे फॉल लावायला यायच्या. ही बाई बारावी पास आहे आणि साडी गुंडाळून आलेला पेपरही वाचून काढते, हे कुंदाताईंनीच त्यांना सांगितलं असणार.

आमच्याकडे तेव्हा जून लागला की कॉलेजचे मास्तर पोरं धरायला निघायचे. कोणी खेड्यात मोटरसायकल फिरवायचा, कोणी सरपंचाच्या ओट्यावर बसायचा. जूनमध्ये पाहुणा कोण आणि प्रोफेसर कोण, दारातून कळत नसे. दोघंही आधी घरच्यांची तब्येत विचारायचे. झंझाड सरांना तेही जमत नव्हतं. ते सरळ मार्कशीटवर आले होते.

"सप्टेंबरात संस्थेची आढावा सभा आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी कोणता विषय ठेवायचा, कोणता बंद करायचा, ते तिथं ठरेल. पहिल्या वर्षाला पंधरा नसले तर तत्त्वज्ञान बंद."

"आता किती आहेत?"

सरांनी स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. "तुम्ही आलात तर सात होतील."

"मला दोन मुलं आहेत, सर."

"ती मोठी झाली की त्यांनाही घेऊ."

हा विनोद नव्हता. सर विनोद करत नसत.

सासूबाई तांदळाचं सूप हातात घेऊन बाहेर आल्या. "ही कॉलेजात जाईन तं घरचं कोन पाहीन जी?"

"जायचं नाही काही, आई. नावापुरतं. फी मी भरतो. नाव कॉलेजात राहील, वहिनी घरी राहतील."

सासूबाईंनी सूप एकदा पाखडलं. "मंग लिवा. नावाले घरी तरी काय काम असते."

ते खरंच होतं. मार्कशीटवर माझं नाव होतं अनुसया श्रावण बाळबुधे. त्या नावाला या घरात काही काम नव्हतं, कारण सासूबाईंचंही नाव अनुसया. एका घरात दोन अनुसया कशा चालतील? सासऱ्यांनी हाक मारली तर ओ कोणी द्यायची? म्हणून लग्नात, तांदळाच्या ताटात, ह्यांनी अंगठीनं माझं नाव लिहिलं, ज्योत्स्ना. हौसेनं निवडलं होतं. पण घरात कोणाच्याच तोंडात बसेना, म्हणून मी जोसना झाले. ज्योत्स्ना मोरेश्वर निनावे. कोष्ट्यांत निनावे आडनाव घरोघरी, त्यावर आमच्याकडे कोणी हसत नाही.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. हे भाताच्या गिरणीत वजनकाट्यावर होते. "सरांचं काम होत असन तं होऊ दे," म्हणाले. "कॉलेजले दाखवायपुरतंच न?"

"तेवढंच."

तेव्हा ते तेवढंच होतं.

*

जुलैत एकदा सही करायला मला कॉलेजात बोलावलं. ऑफिसातले बडे बाबू जेवायला गेले होते. व्हरांड्याच्या टोकाला, सायकल स्टँडच्या बाजूला, एक खोली उघडी दिसली. आत झंझाड सर एकटेच टेबलाशी बसले होते. फळ्यावर तारीख होती, विषय होता. बाकांवर कोणी नव्हतं.

"सर, कोणीच नाही."

"तास आहे न," सर म्हणाले. "यावं लागतं."

बडे बाबू येईपर्यंत बसा म्हणाले, म्हणून मी पहिल्या बाकावर टेकले. मग, बहुतेक संकोच घालवायला, त्यांनी टेबलावर हात ठेवला आणि विचारलं, "वहिनी, आपण दोघं इथून गेलो, दार लावून घेतलं, तर हे टेबल इथं राहील का?"

"राहील न. कोण नेतं त्याला?"

"बघायला कोणी नसेल तरी?"

त्या दिवशी घरी येऊन मी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि बाहेर उभी राहिले. आता आत चूल आहे का, डबे आहेत का, याचा विचार करत. आतून सासूबाई ओरडल्या, "दार काहून लावलं वं?" तेव्हा कळलं, आहे.

दुसऱ्या दिवशी ते सांगायला गेले. सर हसले नाहीत. म्हणाले, "पण त्या बाहेर असत्या तर?" आणि खडू घेऊन उठले.

अशी मी जाऊ लागले. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की रीळ आणायला म्हणून निघायची. रविवार सोडून रोज. बाकीचे विषय कागदावरच होते, मी जायची ती या एका तासाला. त्या तासाला दुसरं कोणी येत नसे. पटावरचे बाकी सारे म्हणजे कुंदाताईंच्या भिशीतल्या बायका, सरांचा एक भाचा आणि मोबाइलच्या दुकानातली दोन पोरं. सर खोलीचं दार सताड उघडं ठेवायचे. शिपाई उईकेभाऊ बाहेर स्टूल टाकून बसायचे. ऐकायचे की झोपायचे, देव जाणे. हजेरी सर कधी घेत नसत. एका बाईची हजेरी काय घ्यायची? 'वहिनी' म्हणायचे आणि सुरू करायचे.

घरी मला दिवसभर प्रश्न विचारले जात. मीठ घातलं का? पोरं आली का? गाऊनची शिलाई किती? ज्याचं उत्तर कोणालाच ठाऊक नाही, असा प्रश्न मात्र लग्नानंतर मला पहिल्यांदा त्या खोलीत विचारला गेला. आणि माझं उत्तर तो माणूस थांबून ऐकायचा. चुकलं तरी ऐकायचा. मी बहुतेक चुकायचेच.

खोली बंद होऊ शकते, हे मला जूनपासून ठाऊक होतं. ऑगस्ट लागला तसं ते रात्री आठवायला लागलं.

*

सभेच्या दिवशी आधी वर्गांची पाहणी होती. संस्थेचे सचिव लांजेवारसाहेब, प्राचार्य पडोळे आणि हजेरीपट घेतलेले बडे बाबू असे तिघं प्रत्येक विभागात जाऊन मुलं मोजणार होते.

"तुम्ही थेट तासालाच या," सरांनी मला आदल्या दिवशी सांगितलं. "बाकीच्यांना मी आधी बोलावलंय. थोडं समजावून सांगायचंय."

मी पोचले तेव्हा आमची खोली प्रथमच भरलेली होती. भिशीतल्या बायका फिक्या साड्या नेसून, वेण्या घालून, वह्या उघडून बसल्या होत्या. मोबाइलच्या पोरांनी केसांना पाणी लावलं होतं. माझा पहिला बाक गेला होता. मी मागे जाऊन बसले.

"जोसना, तूही होय?" शेजारची मते वहिनी कुजबुजली. "तुझी प्रॅक्टिस झाली काय? आमची तं सकाळपासून चालू हाये."

"कसली प्रॅक्टिस?"

तेवढ्यात साहेब आत आले आणि सगळे उभे राहिले.

लांजेवारसाहेब पांढरे कपडे घालणारे, हळू चालणारे म्हातारे गृहस्थ. त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि खुर्चीत बसले. बडे बाबू नावं वाचायला लागले. रेखा किसन भेंडारकर. हजर! शकुंतला तुळशीराम. हजर! बटण दाबल्यासारख्या बायका उठत होत्या आणि बसत होत्या. सगळ्यांनी माहेरची नावं सकाळपासून घोकली होती. सरांनी कच्चं काही ठेवलं नव्हतं.

"अनुसया श्रावण बाळबुधे."

कोणी उठलं नाही.

"अनुसया बाळबुधे!"

मी मागे वळून दाराकडे पाहिलं. खरंच पाहिलं. माझ्या मनात आलं, सासूबाई इथं कशाला आल्या?

"अनुसया. गैरहजर काय?" बडे बाबूंनी पेन उचललं.

सर माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा पाहून मला ते नाव कोणाचं आहे हे आठवलं. मी उठले, तोवर पेन टेकलं होतं.

"हजर," मी म्हटलं. "मीच आहे ती."

लांजेवारसाहेबांनी चष्म्यातून पाहिलं. "तुम्ही तर निनाव्यांच्या सून न? आमच्या घरच्या साड्यांचं पिको करता. तुमचं नाव जोसना आहे."

"कॉलेजात ते आहे जी."

"स्वतःचं नाव घ्यायला वेळ लागला," ते म्हणाले. रागावून नाही. मग सरांकडे वळले. "छान. पंधरा आहेत. भरला वर्ग."

ते गेल्यावर बायकांनी सुस्कारा सोडला. मते वहिनी माझ्या दंडाला चिमटा घेत म्हणाली, "अवं, तूच कशी चुकली वं?" मोबाइलचं एक पोरगं म्हणालं, "काकूंना एकदा घोकून घ्यायला पाहिजे होतं, सर."

सर फळा पुसत होते. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

*

सभा हॉलमध्ये होती. सगळ्या विद्यार्थ्यांनी बसायचं असा हुकूम होता, म्हणून आम्हीही गेलो. प्राचार्य पडोळे पुढच्या वर्षाचं चित्र वाचून दाखवत होते. विद्यार्थीसंख्या हा संस्थेचा श्वास आहे आणि तो मंदावत चालला आहे. बारावी झाली की पोरं डी.एड.कडे पळतात. मुली वाढल्यात, पण मुलींना स्वच्छतागृह एकच आणि त्याच्या दाराला कडी नाही. रसायनाच्या प्रयोगशाळेचं छत गळतं. वरून नवीन काही मिळत नाही, मिळतं तेही दरवर्षी कापलं जातं. म्हणून अंदाजपत्रकात आधी स्वच्छतागृह, मग छत, मग संगणक कक्ष. कक्षाला खोली लागेल.

ऐकता ऐकता माझी मान हलत होती. त्यांचं एकही म्हणणं खोटं नव्हतं. कडी नसलेल्या त्या दाराला मी स्वतः आतून पाय लावून बसले होते. पंचाईत हीच होती.

"तत्त्वज्ञान, प्रथम वर्ष," प्राचार्यांनी पान उलटलं, "पंधरा."

पहिल्या रांगेतून लांजेवारसाहेबांनी हात वर केला. "झंझाड सर, जरा उभे राहता का?"

सर उभे राहिले.

"मी तीस वर्षं ही संस्था चालवतो. खऱ्या वर्गाची हजेरी अशी होत नाही. कोणी हसतं, कोणी दुसऱ्याची देतं, कोणाचं लक्षच नसतं. तुमच्याकडे चौदा जण नाव घेतल्याबरोबर लाइट आल्यासारखे उठले." हॉलमध्ये हशा झाला. साहेब हसले नाहीत. "तुम्ही खोटं बोलणारे नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही सांगाल ते मी लिहून घेतो. आकडा बरा असला, तर खोली तुमच्याकडे राहील. या पंधरांत खरे किती?"

मला अजून आठवतं, मी मनात म्हणत होते, पंधरा म्हणा. दहा म्हणा. सहा म्हणा, सहाही चालतील.

"एक," सर म्हणाले.

ऐकू गेलं नाही म्हणून प्राचार्य पुढे झुकले. "म्हणजे सर, सरासरी रोज..."

"सरासरी नाही. एक."

"कोण हो, सर?" मागून एका पोराचा आवाज आला.

सरांनी नाव घेतलं नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं. आणि मग सगळा हॉल माझ्याकडे वळला.

*

व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. आजूबाजूला पोरं होती, तरी मी थांबले नाही.

"पंधरा म्हणायला काय जात होतं, सर?"

"काही नाही."

"मग?"

"त्यांनी नुसतं 'किती' विचारलं असतं, तर मी पंधरा म्हटलं असतं, वहिनी. त्यांनी 'खरे किती' विचारलं."

"तुमची बदली होईल. संस्थेची दुसरी कॉलेजं आहेत. पगार तिकडंही मिळेल, तासही मिळतील. मी कुठं जाऊ?"

सरांनी चपलांकडे पाहिलं.

"प्राचार्य म्हणाले, सोमवारपासून खोली रिकामी करा. मला गृहअर्थशास्त्रात टाकतो म्हणाले. तिथं काय शिकवणार, वरण?" मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी आणखी जोरात बोलत होते. "आणि आज हे गिरणीतून घरी येतील, तोवर गावानं त्यांना काय सांगितलं असेल? तुमची बायको आणि एक मास्तर, रोज, एका खोलीत, दोघंच. तुम्ही आकडा सांगून मोकळे झालात. लोक गणित मांडून राहिले असतील."

सरांनी मान वर केली. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं. हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"खरं बोलताना माणूस फार आपल्यापुरतंच बघतो," ते म्हणाले.

हे वाक्य मला तेव्हा फार राग आणणारं वाटलं. माझ्या संकटाचंही त्यांनी सुविचारासारखं वाक्य केलं, असं वाटलं. मी निघून आले.

*

संध्याकाळी हे आले, ते हातपाय न धुता अंगणातल्या खाटेवर बसले. सासूबाई पायरीवर तांदूळ निवडत होत्या. पोरं शेजारी खेळायला गेली होती, की पाठवली होती, कोण जाणे. मी आत कणीक मळत होते.

"जोसना," ह्यांनी हाक मारली. आवाज चढलेला नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं. "गिरणीत लोक काहीबाही बोलून राहिले. नावापुरतं होतं न ते?"

मी काही म्हणायच्या आत फाटकाशी लुना थांबली. झंझाड सर आत आले. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मोरेश्वरभाऊ, गावात उलटसुलट चाललंय, म्हणून आलो." त्यांचा आवाज त्या दिवशी रस्त्यापर्यंत गेला असेल. "वहिनी कॉलेजात कधी आल्याच नाहीत. एकदा सहीला आणि आज, मी बोलावलं म्हणून. मी सभेत जे बोललो ते रागात बोललो. खरा विद्यार्थी कोणीच नव्हता. एकही नाही. वहिनी समोर बसल्या होत्या, म्हणून त्यांच्याकडे नजर गेली. त्यांचा यात काही संबंध नाही."

एका दमात म्हणून टाकलं. पाठ केलेलं होतं. सकाळी बायकांना शिकवलं तसंच येताना लुनावर स्वतःला शिकवत आले असणार.

ह्यांचे खांदे सैल झाले. "असं होय. मी तं म्हटलंच गिरणीत. आमची ती कुठं जाते, रीळ आणायले जाते फक्त." ते हसायलाही लागले. "बसा न, सर. जोसना, पाणी आण वं."

झालं होतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर जायचं, एवढंच राहिलं होतं. रात्री जेवणं झाली असती, सकाळी मशीन सुरू झालं असतं, आठवड्यात लोकांना दुसरं काही मिळालं असतं. खोली होती, टेबल होतं, मी होते, यातलं काहीच झालेलं नसतं.

मी तांब्या न घेताच बाहेर आले. हाताला कणीक तशीच.

"सर खोटं बोलून राहिले," मी म्हटलं. "मी रोज जात होते."

ह्यांना समजलं नाही. "रोज म्हणजे?"

"रविवार सोडून."

"वहिनी," सर हळूच म्हणाले.

"रीळ आणायले जात होती न तू?"

"रीळही आणत होते."

"एकटीच?"

"दार उघडं असायचं. उईकेभाऊ बाहेर बसायचे. पण हो, शिकायला एकटीच."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे, मग खाटेच्या नवारीकडे. एक सुटलेला दोरा ओढत बसले.

"खोटं कॉलेजशी बोलाचं ठरलं होतं," ते म्हणाले. "तू आमच्याशीच बोलली."

ते बरोबर बोलले होते.

सर अंगणाच्या मधोमध उभे होते. दुपारी खरं बोलून आणि संध्याकाळी खोटं बोलून, दोन्ही वेळा त्यांचं सारखंच झालं होतं. शेवटी ते तुळशीजवळच्या दगडावर टेकले.

तेव्हा सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"मले तं वाटे," त्या माझ्याकडे न बघता, ह्यांना सांगितल्यासारखं म्हणाल्या, "ही रोज दुपारी एस्टीडीवर जाऊन माहेरी माह्या चुगल्या सांगते. म्हणून दोन महिने मी इच्यासंग गोड बोलून राहिली. फुकट गेलं सारं."

कोणी हसलं नाही. मला हसू आलं असतं, पण ते वेगळंच काहीतरी होऊन बाहेर पडेल अशी भीती वाटली.

"आई, तू मधात नको बोलू," हे म्हणाले.

"काहून नको बोलू? माह्या नावानं कॉलेज केलं इनं." त्या सरांकडे वळल्या. "काय सांगत होते जी तुम्ही इले, रोज?"

"तत्त्वज्ञान, आई."

"म्हणजे पोथीच न?"

सरांनी विचार केला. त्यांना कोणताही प्रश्न विचारला की ते विचार करायचे. "तसंच म्हणा."

"पुरी झाली?"

"नाही."

"अन् आता बंद?"

"हो. ती खोली आता..."

"खोलीचं नाही विचारून राहिली मी." सासूबाईंनी पदर सावरला. त्या दर श्रावणात पोथी लावायच्या. एकदा ताप भरला होता, तरी पाटावर बसून शेवटच्या अध्यायापर्यंत वाचून घेतली होती शेजारणीकडून. "मांडलेली पोथी अर्धी ठेवून उठत नसते, मास्तर. येवढे शिकलेले तुम्ही, कोनी सांगितलं नाही काय तुमाले? अपशकून असते तो. मांडणाऱ्यालेही अन् आयकणाऱ्यालेही."

"आई," हे पुन्हा म्हणाले, पण या वेळी त्यात जोर नव्हता.

"थांब जरा. किती राहिली जी?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातावरची वाळलेली कणीक नखानं खरवडत होते.

"सगळीच राहिली, आई," ते म्हणाले.

सासूबाईंनी मान हलवली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. अंधार पडायला आला होता. मला दिवा लावायला जायचं होतं, सरांना फाटक गाठायचं होतं, ह्यांना गिरणीत परत जाऊन कोणाला काय सांगायचं ते ठरवायचं होतं.

कोणीच उठलं नाही.